रास अल खैमाला आढं निवडायला

"आई, तू घरी आराम कर," असं मुक्ता म्हणाली आणि तिथेच माझं जायचं ठरलं. निवृत्त बाईला लोक दिवसातून चारदा आराम करायला सांगतात, जणू तो औषधाचा डोसच आहे. चौतीस वर्षं विमा कंपनीत मी लोकांचे खरेखोटे दावे वाचले. आरामच करायचा तर बेळगावात काय कमी होता? त्यासाठी विमानात गुडघे दुमडून बसायची गरज नव्हती.

मुक्ता माझी मुलगी. आर्किटेक्ट आहे, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते. रास अल खैमाच्या डोंगरात एका अरबी मालकाच्या शेतावर तिला ओंडक्यांचं घर बांधायचं होतं. विटा नाहीत, सिमेंट नाही. अख्खी खोडं सोलायची, एकावर एक रचायची आणि कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत बसवायची. त्या घराचं आढं, म्हणजे छप्पर ज्याच्यावर तोललं जातं तो सगळ्यात लांब आणि जाड ओंडका, आज निवडायचा होता. वाळवंटात लाकडाचं घर! हा वेडेपणा मला जवळून बघायचा होता.

जानेवारीतली सकाळ होती. साडेपाचला निघालो. गाडीनं दीड तास लागतो. स्वतःची गाडी नसेल तर दुबईहून बस जाते, पण लाकडाच्या वखारी शहराबाहेर असल्यामुळे पुढे टॅक्सी करावीच लागते. शारजा मागे पडलं आणि धुकं उतरलं. वाळवंटात धुकं पडतं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, कॉन्व्हेंटातल्या भूगोलाच्या सिस्टरांनीसुद्धा नाही. रस्त्याकडेचे दिवे एकेक करून पुढे येत आणि विरघळत. वाळू दिसेना, आकाश दिसेना, मधेच एक उंट कुंपणापलीकडे उभा, मानेपर्यंत पांढऱ्यात बुडालेला. एका टपरीसमोर मुक्तानं हॉर्न वाजवला. पोऱ्या गाडीपाशीच चहा घेऊन आला. दोन दिरहम, म्हणजे अठ्ठेचाळीस रुपये! "एवढ्यात बेळगावात चौघं पितील," मी म्हटलं. "आई, रोज कन्व्हर्ट करू नकोस, चव जाते," मुक्ता म्हणाली. चव होती, वेलदोड्याची. मान्य करते.

वखारीत पोचलो तेव्हा धुकं वर उचलत होतं आणि त्याखालून ओंडके उघडे पडत होते. मी नुसती बघत राहिले. कुठल्याशा बर्फाळ देशातून जहाजानं आलेली, देवदाराच्या भावकीतल्या स्प्रूसची खोडं, चाळीस-चाळीस फुटी, साल काढलेली, मधासारख्या रंगाची. आडवी असूनही माझ्या छातीला लागत होती. कापलेल्या टोकांना मेण फासलं होतं. नाहीतर ही हवा पाणी इतक्या वेगानं ओढून घेते, की टोकं रात्रीत तडकतात. आणि वास! समोर सिमेंटच्या कारखान्याचं धुराडं, मागे उघडे तपकिरी डोंगर, आणि मधोमध ओल्या जंगलाचा, राळेचा वास. एका ओंडक्याच्या टोकाचं मेण खरवडलेलं होतं. मी बाहेरून आत वलयं मोजत गेले. माझ्या जन्माचं वलय सापडलं, त्यावर बोट ठेवलं. आत अजून कितीतरी वलयं होती. मी पाळण्यात होते तेव्हाही हे झाड बर्फात उभं होतं आणि त्याला कुणी आराम कर म्हणत नव्हतं.

"बाई, टोपी घाला आधी," मागून आवाज आला. खणखणीत कोकणी वळणाचं मराठी. हे वखारीचे मुकादम, दाऊदभाई. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. पोरवयात इथे आले ते लाकडातच राहिले. हेल्मेट माझ्या नाकापर्यंत आलं.

"मुलीची आई काय तुम्ही? मुलगी हुशार हाय. लाकडाला हात लावते. बाकीचे नुसते फोटो काढतात."

फोटो काढणारा तिथेच होता. नील नावाचा तिशीतला मुलगा, शेतमालकाचा मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, पांढरे बूट. मुक्ताशी इंग्रजीत, कामगारांशी हिंदीत बोलत होता. एका प्रचंड ओंडक्यापाशी तो थांबला. सरळसोट, गाठ नाही, डाग नाही. "धिस वन. आय सेंट अरबाब द फोटो, ही लव्ह्ज इट," तो म्हणाला. अरबाब म्हणजे मालक.

मुक्तानं उजवा तळवा ओंडक्यावर ठेवला, बोटं लांबीच्या दिशेनं. वाकून बघितलं. दुसऱ्या टोकाला जाऊन तसंच केलं. मग म्हणाली, "आढ्यासाठी हा नाही."

तिनं दाखवला तो दुसरा ओंडका कोपऱ्यात पडला होता. जरा बारीक, दोन ठसठशीत गाठी, एका बाजूला काळपट पट्टा. त्या देखण्या राजासमोर अगदीच गावंढळ. नीलचा चेहरा पडला आणि मला मुलीचा राग आला. गिऱ्हाईक आपणहून पसंत करतंय आणि ही नाही म्हणते!

"अगं, हाच घे ना!" मी म्हटलं. ती ऐकेना म्हणून दाऊदभाईंकडे वळले. आपली भाषा, आपला माणूस, परक्या मुलखात कोण ऐकतंय? "तुम्हीच सांगा हो तिला. तिला काय अनुभव? आयुष्यातलं पहिलंच लाकडाचं घर बांधतेय. आजवर मॉलमधली दुकानं सजवली नुसती!"

दाऊदभाईंनी डोळ्यांनी खूण केली. ते माझ्या खांद्यापलीकडे बघत होते.

"पहिलंच?" मागून आवाज आला. स्वच्छ मराठीत. नील. "माझी आजी डोंबिवलीची आहे, आंटी. घरी मराठीच बोलतो."

चाळीसेक लाख भारतीय ज्या देशात दाटीवाटीनं राहतात तिथे आपली भाषा ही आपली खासगी खोली आहे, असं समजणारी मी पहिली बाई नसेन. पण त्या क्षणी हेल्मेट आणखी खाली सरकलं असतं तर बरं झालं असतं.

नील इंग्रजीवर परतला. "मुक्ता, यू नेव्हर टोल्ड अस."

मुक्तानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही विचारलं नाहीत. दुसऱ्यांच्या हाताखाली दोन घरं बांधली, एक अख्खा हिवाळा खोडं सोलली. माझ्या नावावरचं हे पहिलं. आता इकडे या. हात ठेवा."

तिनं नीलचा तळवा ओंडक्यावर दाबला. "या बारीक रेषा बघा. अंगठ्याच्या बाजूला वळत जातायत ना? हा डावा पीळ. करंगळीकडे वळल्या तर उजवा. कुठल्याही टोकानं बघा, उत्तर बदलत नाही. डाव्या पिळाचं खोड वाळताना जास्त मुरगळतं. मधोमध चिरून अगदी खाली, पायाशी घालू. आढ्याला घातला तर दोन उन्हाळ्यांत छप्पर सोबत घेऊन फिरेल. तो कोपऱ्यातला गाठींचा असला तरी त्याच्या रेषा सरळ आहेत."

दाऊदभाई शेडमधून हातभर लांबीचा एक जुना तुकडा घेऊन आले. पिळून वाळत घातलेल्या पंचासारखा दिसत होता. "ह्यो पण असाच देखणा होता," एवढंच म्हणाले.

नीलनं फोन लावला. अरबाबशी अरबीत बोलला, मग फोन दाऊदभाईंच्या हातात दिला. मला त्यातलं 'इन्शाल्ला' आणि शेवटचं 'खलास' तेवढं कळलं. खलास म्हणजे संपलं. काय संपलं? मुलीचं काम? मी चौतीस वर्षं लोकांच्या एकेका वाक्यावरून त्यांचे दावे फेटाळले होते. आज माझ्या एका वाक्यावर मुक्ताचा फैसला चालला होता.

"अरबाब म्हणतात, तिला हवा तो घ्या," नील म्हणाला. "पण छप्पर हललं, तर ते एकच नाव लक्षात ठेवतील."

"चालेल," मुक्ता म्हणाली. "यल्ला, चला, पट्टे लावा."

ओंडका उचलणं ही बघण्यासारखी गोष्ट आहे. वखारीच्या माणसांना आधी विचारलंत तर बघू देतात, पण बंद बूट हवेत आणि सांगतील तिथेच उभं राहायचं. क्रेनच्या आकड्याला दोन रुंद पट्टे. साखळी नाही, ती लाकडाला ओरबाडते. आधी वीतभरच उचलला. बुंध्याचं टोक जड, ते खाली झुकलं. मुक्तानं मूठ वर करून थांबवलं, खाली ठेवायला लावला, पट्टा हातभर सरकवला. पुन्हा. तिसऱ्या वेळी तो सपाट उठला. टोकाला बांधलेला दोर धरून एक माणूस त्याला नुसता वळवत होता, बैलाला वळवावं तसा. तेवढं वजन, आणि आवाज काही नाही. गाठींचा, काळ्या पट्ट्याचा तो ओंडका डोंगरांच्या वर तरंगत राहिला, सावली आमच्या अंगावरून सरकत गेली आणि त्या जडशीळ गोष्टीला क्षणभर वजनच नव्हतं. मी श्वास धरून होते. दाऊदभाईंचे ओठ हलत होते. दाऊदभाईंनी मागवलेला चहा थंड झाला.

दुपारी रास अल खैमात मासे खाल्ले. दोघींत एक ताटभर भात आणि शेरी मासा, पंचेचाळीस दिरहम. रुपये मी मनातच केले. मग ट्रेलरच्या मागोमाग डोंगरात, शेतापर्यंत. खजुराची झाडं, कोरडा ओढा, त्यापलीकडे दगडी जोतं तयार. ऊन कलताना डोंगर गुलाबी झाले, मग जांभळे. जिथे भिंती नव्हत्या तिथे मला भिंती दिसत होत्या.

परतताना मुक्तानं गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "तुला माझ्यावर विश्वास नाही, हे मला माहीत होतं. तू ते लोकांना सांगशील, हे माहीत नव्हतं."

कॉन्व्हेंटात आम्हाला दिवसाला वीस वेळा सॉरी म्हणायला लावत. म्हणूनच असेल, तो शब्द तोंडात आला आणि मला अगदीच हलका वाटला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दुबईचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हटलं, "मी चुकले, मुक्ता." तिनं गिअर बदलला. एवढंच.

बेळगावात परत येऊन आता काही महिने झाले. लोक विचारतात, दुबईत काय पाहिलंत, आणि मी ओंडके म्हणते तेव्हा कीव करतात. करू देत. डोळे मिटले की अजून तो हवेत तरंगताना दिसतो.

गेल्या आठवड्यात मुक्तानं फोटो पाठवला. भिंती उभ्या, आढं चढलेलं, दार बसवलेलं. आणि दाराच्या चौकटीवर चार बोटांची उघडी फट! इतक्या पैशांत सुताराला माप घेता येत नाही? मी टाइप केलं, "ही फट कोण बुजवणार?" वाचलं. पुसलं. मग लिहिलं, "ही जागा कशासाठी सोडली आहेस?"

उत्तरादाखल तिचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. लाकूड वाळतं, ओंडके एकमेकांवर दबत जातात, अख्खी भिंत हळूहळू खाली बसते, तिला उतरायला जागा लागते, नाहीतर दार कायमचं अडकतं. मग गाठींबद्दल, दाऊदभाईंबद्दल, आढं चढवताना ती किती घाबरली होती त्याबद्दल. मेसेजमध्ये मध्येच बोलता येत नाही. मी पूर्ण ऐकला. मग पुन्हा पहिल्यापासून लावला.