पत्र्यावरचं चित्र

मी दौंडच्या शाळेत चित्रकला शिकवते, राहते शिरूरला. नव्या घराच्या हॉलसाठी एका अमूर्त चित्राची ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेली प्रत मी ऑनलाइन मागवली, तेव्हा घरात माझी भरपूर टिंगल झाली. लाल पट्टे, काळे ठिपके, मधोमध पिवळा डाग. नवरा म्हणाला, "असा पत्रा कंपनीत आम्ही भंगारात टाकतो." सासूबाई मांडवगणच्या. त्यांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात बघायचं काय हाय?" मग मीही हट्टाला पेटले. नवऱ्याने कुरकुरत भिंतीला ड्रिल मारलं आणि चित्र स्विचबोर्डच्या बरोबर वर टांगलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ओल्या फडक्याने ते पुसताना पत्र्याच्या कडेला बोट लागलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मी घाबरले. पायात चप्पल होती म्हणून निभावलं, हेही कळलं. पण सांगितलं असतं तर चित्र उतरलं असतं आणि पुन्हा चढलं नसतं. त्या घरात माझ्या पसंतीचं तेवढंच होतं. दसरा झाला की वायरमनला गुपचूप बोलवू, असं ठरवून मी गप्प बसले.

खंडेनवमीला सासूबाई अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या आणि हळदकुंकू घेऊन घरातल्या झाडून सगळ्या हत्यारांची पूजा करत होत्या. विळी, अडकित्ता, मोटारसायकल, माझी कात्री. मग त्या चित्रापाशी थांबल्या.

"पत्राच हाय की. पोरीनं हौसेनं आणलाय, त्याला कसं वगळायचं?"

ओला हात कडेकडे निघाला. मी ओरडले, "आई, हात लावू नका."

त्यांनी हात मागे घेतला. चेहरा उतरला. "न्हाई लावत बाई. तुझी महागाची वस्तू."

"तसं नाही. करंट आहे त्यात."

नवऱ्याने टेस्टर आणून कडेला टेकवला. तो पेटला. ड्रिलने भिंतीतली वायर सोलली होती आणि स्क्रूतून करंट पत्र्यात उतरला होता. त्याने आधी मेन स्विच बंद केला, मग पांढऱ्याफटक चेहऱ्याने आईकडे पाहत राहिला. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"तुला गं कसं कळलं?"

"आत्ता बोर्डातून आवाज आला," मी म्हणाले.

दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या माझा हात धरून सांगत होत्या, "हिनं वाचवलं मला." आवाज कसला आला होता, असं कुणीतरी विचारेल या धास्तीने मी चहाच्या निमित्ताने आत पळायचे. त्या मला पुन्हा बाहेर बोलवायच्या.