फोटोमागची पाल

पाल बघितली की मला अजूनही मळमळतं. ते पांढुरकं लिबलिबीत पोट, आणि खाली टाकलेली काळी लेंडी, टोकाला चुन्याचा ठिपका. शी!

कळव्याच्या चाळीत पत्र्याखाली आम्ही नवरा-बायको चाळीस वर्षं भाजलो. पालींना तेच मानवायचं. घाटावरच्या माझ्या गावात थंडीत पाल औषधालाही सापडायची नाही. कळव्यात बारा महिने पिल्लं. बायको मरणाची घाबरायची. ओट्यापाशी पाल दिसली की बाहेर पळून ओरडायची, "अहो, आधी ती घाण काढा, मग भाकरी टाकते!"

ती गेली आणि मुलाने मला डोंबिवलीला आणलं. हॉलमध्ये तिचा फोटो, वर लाल झिरोचा बल्ब. वर्षश्राद्धापर्यंत तो विझवायचा नाही, असं मुलाने ठरवलेलं. यंदा उन्हाळ्यात एसी बसवला. सून म्हणाली, "बाबा, आता गारव्यात पाली टिकायच्या नाहीत." भिंतीवरच्या गेल्याही.

आठ दिवसांनी बघतो तर बायकोच्या कपाळावर लेंडी. पुसली. दुसऱ्या दिवशी गालावर. फ्रेम हलवली तर मागून जाडजूड पाल निघाली आणि काचेवर आली, बरोब्बर तिच्या तोंडावर.

एसी तपासायला आलेला मेकॅनिक हसला. "काका, पालीला स्वतःची ऊब नसते. सगळा हॉल गार केलात, गरम काय उरलं? हा बल्ब. तिथेच बसणार ती."

म्हणजे आम्हीच बसवलेली. जी बायकोला जिवंतपणी घरात चालली नाही, ती पाल आता फोटोत तिच्या डोक्यावर.

मी बटण बंद केलं. संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि तडकला. "बाबा, अजून वर्ष व्हायचंय! आईचा दिवा विझवलात?"

"तुझ्या आईला अंधार चालायचा रे. पाल नाही."

तो बटण दाबायला आला. मी त्यावर हात ठेवून उभा राहिलो. सून हळूच म्हणाली, "पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, या, लेंड्या पुसा."

मुलगा फोटोजवळ गेला. काचेवर ताजी लेंडी होती, भुवईवर. त्याने रुमालाने पुसली, रुमालाकडे बघून तोंड वाकडं केलं. मग बल्ब पिळून काढला आणि माझ्या हातात दिला. त्यालाही मागून लेंडी चिकटलेली होतीच. मी तो तसाच कचऱ्यात टाकला आणि साबणाने दोनदा हात धुतले.