एअरबॅगचा दिवा आणि आईची सीट

आमच्या जुन्या गाडीत, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या शेजारी, एक लाल दिवा लागायचा आणि विझायचं नाव घ्यायचा नाही. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुगा, असं त्यावरचं चित्र. एअरबॅगमध्ये काहीतरी बिघडलंय एवढंच तो सांगायचा. कुठे, कसं, ते नाही. असल्या अर्धवट बातम्या देणाऱ्यांचा मला आधीच राग, त्यात मी शहराबाहेर सिमरोलला शिकवायला जाताना हा पठ्ठ्या रोज रस्ताभर माझ्याकडे टक लावून बघायचा.

गाडी बाबांची. ते गेल्यावर ती विकायचा विषय मी काढला नाही आणि आईनेही काढला नाही. ताई लग्न होऊन नागपूरला, त्यामुळे घरात आता आम्ही दोघंच. दिवा लागला तेव्हा मी गाडीबरोबर मिळालेलं जाडजूड पुस्तक काढून वाचलं आणि घाबरलो. अपघात झाला तर फुगा उघडणार नाही, किंवा काहीही नसताना उघडेल, असं त्यात लिहिलं होतं. आई मुळात एवढीशी, त्यात सत्तरी उलटलेली. तो फुगा तिच्या तोंडावर फुटतोय, हे काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दिवा विझेपर्यंत आईने मागे बसायचं, असं फर्मान मी काढलं.

“आणि तुझ्यापुढे काय पापड लावलाय? तुझ्यापुढेही फुगाच आहे ना?” आई म्हणाली. “मी नाही बसणार पीछे. मला चक्कर येते. आपल्याच गाडीत मेहमानासारखं काय बसायचं?”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बाबा होते तोवर क्लच आणि ब्रेक त्यांच्याकडे, बाकी गाडीचा सगळा कारभार पुढच्या सीटवरून आईकडे. सिग्नल पिवळा झालेला तिला आधी दिसायचा. कोणी हॉर्न वाजवला की “जाऊ द्या भियाला, त्याला घाई दिसते” हे ठरलेलं; भिया म्हणजे इथल्या हिंदीत भाऊ. सराफ्याच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खायला निघालो की राजवाड्यापाशी गाडी लावायला जागा तीच शोधायची. बाबा काही ऐकलंच नाही असा चेहरा करायचे आणि करायचे मात्र ती म्हणेल तसंच. परतताना गरम जिलबीचा पुडा तिच्या मांडीवर असायचा आणि मागे आम्हा दोघा भावंडांना घरी पोचेपर्यंत दम निघायचा नाही.

माझ्या फर्मानाचा परिणाम असा झाला, की आईने बाहेर पडणंच सोडलं. आधी भजनी मंडळ सुटलं, मग मावशीकडे जाणं. रिक्षा बोलावतो म्हटलं तर “राहू दे, घरीच बरी आहे मी.” संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून ती नुसती रस्ता बघत बसायची. एका फालतू दिव्यापायी माझी आई घरात बसली, या विचाराने माझं डोकं फिरायचं.

पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागात बाबांच्या ओळखीचं वर्कशॉप होतं. तिथल्या मिस्त्रीने दिवा पाहिला आणि म्हणाला, “भिया, लाइट ही तो है. गाड़ी तो मक्खन चल री है. बल्ब निकाल दूँ?”

मी नको म्हटलं. मग त्याने कॉम्प्युटर जोडून गाडीच्या आठवणीतला बिघाड पुसून टाकला. दिवा विझला. मी तिथूनच आईला फोन केला, तयार राहा म्हणून. घराच्या वळणावर येईतो दिवा पुन्हा हजर. आई चांगली साडी नेसून फाटकात उभी होती. माझा चेहरा बघून ती आत गेली आणि साडी बदलून आली. पुढच्या खेपेला मिस्त्रीने स्टिअरिंगच्या आतला कसलासा भाग बदलला. तेव्हाही तेच झालं, फक्त आई या वेळी आधीच तयार झाली नव्हती.

तिसऱ्यांदा निघालो तेव्हा मात्र आई स्वतःहून मागे येऊन बसली. “चल, मीच बघते काय भानगड आहे ती,” म्हणाली आणि पोलोग्राउंडपर्यंत तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत राहिली.

मिस्त्रीने तिला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि कामाला लागला. काहीतरी उचलायला त्याने आईची पुढची सीट सरकवली आणि तेवढ्यात खाली वाकून बघतच राहिला. सीटखालून एअरबॅगची पिवळी वायर जात होती. तिचा सॉकेट खिळखिळा झाला होता आणि वायर घासून घासून सोलली होती.

“ये सीट इतनी आगे-पीछे कौन करता था?” त्याने मला विचारलं.

 उत्तर बाकावरून आलं.

“इसके पापा पीछे करते थे,” आई म्हणाली. “मैं आगे करती थी.”

आणि मला तो खर्र आवाज आठवला. कुठेही निघायचं असो, उज्जैनला किंवा रविवारी नुसतं पोहे खायला, बाबा आधी येऊन पुढची सीट मागे सरकवायचे. “आरामात बस,” म्हणायचे. आई बसायची, बाबा फाटक लावायला वळले की खालची दांडी ओढायची आणि खर्रकन सीट पुढे घ्यायची, गुडघे टेकेपर्यंत. मागे मी बसायचो. कॉलेजात गेल्यावर मी बांबूसारखा वाढलो होतो आणि माझे पाय मावत नव्हते. पुढच्या वेळी बाबा पुन्हा सीट मागे, आई पुन्हा पुढे. त्यावरून दोघांचं भांडण झालेलं मला आठवत नाही. दोघंही आपापलं काम करत राहिले.

मिस्त्रीने नवा सॉकेट बसवला, वायर नीट बांधून घेतली आणि सीट पार मागे नेऊन ठेवली. “अम्माजी, अब इसको यहीं रहने देना. फुग्गे के इतना पास बैठना भी ठीक नहीं.”

चावी फिरवली. दिवा लागला, क्षणभर थांबला आणि विझला. मी पोलोग्राउंडात गाडी चांगली हिंडवून आणली, खड्डे शोधून शोधून त्यांतून घातली. विझलेलाच.

आई पुढे येऊन बसली. पट्टा लावला. आणि सवयीने तिचा हात खाली, दांडीकडे गेला.

“आई,” मी म्हणालो, “मागे कोणी नाहीये.”

तिने मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात वर घेतला, चपला काढल्या आणि पाय लांब केले. ते कुठेच टेकले नाहीत.

“किती जागा होती रे इथे,” ती म्हणाली. “हे रोज सांगायचे.”

मी गाडी सुरू केली, पण मला समोरचं नीट दिसेना. हे बघायला बाबा हवे होते.