रामटेके काकांचा एकच प्रश्न

रामटेके काकांसमोर देशाबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. कोणी "या देशाचं काही होत नाही" म्हणालं, की ते चहाची बशी खाली ठेवत आणि अगदी मनापासून विचारत, "देश म्हंजे कोन? नाव सांग." रस्ता खराब म्हटलं, तर कोणता रस्ता. साहेब खातो म्हटलं, तर कोणता साहेब. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात रविवारी पोहे खायला जमलेली मंडळी मग हळूच क्रिकेटवर येत. बाबा म्हणत, "या रामटेकेसमोर सुखानं निराशबी होता येत नाई."

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. प्लांटमधून क्रेन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या शेजारीच राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. "एक लिहाले, एक मांगनाऱ्याले," असं ते सांगत.

मी चोवीस वर्षांची असताना सरकारी नोकरीच्या एका परीक्षेला बसले. तीन वर्षं अभ्यास केला होता. प्रश्नपत्रिकांचं पाकीट आमच्या वर्गात आलं तेच कापलेलं, वरून टेप लावलेलं. चाळीस जणांनी ते पाहिलं. एकजण कसंनुसं हसला, बाकीचे खाली बघत राहिले. मीही. बाहेर पडल्यावर कळलं, पेपर सकाळपासून मोबाइलवर फिरत होता.

घरी येऊन मी जी पलंगावर पडले, ती दहा-बारा दिवस उठलेच नाही. क्लास सोडला. आई डाळ-भात उशाशी ठेवून जायची. एका सकाळी काका एक पपई घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले.

"कावून झोपून राहिली, बेटा?"

"काका, या देशात अभ्यास करून उपयोग नाही. पाकीट फुटलेलं होतं. सगळ्यांनी पाहिलं."

"सगळे म्हंजे कोन? नाव सांग."

मी चिडले. भिंतीकडे तोंड केलं. काका बसूनच होते. शेवटी मी म्हणाले, "मी. मी पाहिलं."

"हं. आता झालं एक नाव," ते म्हणाले आणि खिशातलं दुसरं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

बाबा घाबरले. "रामटेके, पोरीचं नाव काळ्या यादीत जाईन. तिलेच कावून पुढं करून राहिले तुमी?"

तेव्हा काकांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही कधीच ऐकली नव्हती. प्लांटमध्ये लागण्याआधी ते एका लहान खाजगी कारखान्यात होते. तिथल्या प्रेस मशीनची संरक्षक जाळी महिनाभर निघालेली होती. एक दिवस त्यांच्या सोबत्याची चार बोटं त्यात गेली. "सगळ्याइले मालूम होतं," काका म्हणाले. "मले बी. मी कोनालेच नाई सांगतलं. वाटे, कोनी तरी सांगन." बाबांनी उठून कोरा कागद आणून दिला.

मी कागदावर पूर्ण नाव लिहून जबानी लिहिली. मग काकांच्या स्कूटरवर बसून आम्ही परीक्षेला माझ्या वर्गात बसलेल्या बाकीच्यांना शोधत फिरलो. दुर्गमधल्या पद्मनाभपुरात एका मुलीनं दार अर्धंच उघडलं. "दीदी, हमारा नाम मत डालना." काका तिला म्हणाले, "ठीक है बेटा, पानी तो पिला दे." पाणी देता देता तिनं सही केली. अशा सहा सह्या झाल्या.

दुर्गच्या परीक्षा कार्यालयात कागद कोणी घेईना. तिसऱ्या खेपेला बाबू वैतागून म्हणाला, "ऐसा तो होता रहता है, अंकल."

काकांनी वही उघडली. "कहाँ-कहाँ होता है? बताइए, लिख लेते हैं."

बाबूनं मुकाट्यानं शिक्का मारला.

काही आठवड्यांनी आमच्या परीक्षा केंद्रावरची परीक्षा रद्द झाली आणि पुन्हा घेतली गेली. आमच्या कागदामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. आणखीही कोणी लिहिलं असेल. या वेळी पाकीट आमच्यासमोर फोडलं. आणि मी नापास झाले.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. मला ते सगळ्यात जास्त आठवतात ते त्या निकालाच्या दुपारचे. तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी गेले. ते पंख्याखाली बनियनवर बसले होते.

"किती मार्कानं?"

"अकरा."

त्यांनी बोटांवर अकरा मोजले. मग त्यांचा चेहरा चक्क उजळला. "मांगच्या खेपेस तुले दुसऱ्यानं नापास केलं होतं. या खेपेस तू सोता झाली. हे अकरा मार्क तुया हातचे आहेत, बेटा. जाऊन घेऊन ये."

मला आधी हसू फुटलं, मग रडू. काकूंनी काही न विचारता माझं ताट वाढलं.