जूनपर्यंत हात लावू नका

भिंगकाका माणसाच्या आधी त्याच्या कुंपणाला भेटत. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग आमच्या कण्हेरीच्या पानामागे धरायचं, मनसोक्त बघायचं, आणि मग, "अरे, तूही आहेस का!" भोपाळमधल्या आमच्या सरकारी कॉलनीत नागपूरकडची बरीच कुटुंबं होती. शेजाऱ्याचं गोत्र विचारणारे पुष्कळ. पानांची चौकशी करणारे हे एकटेच.

"झाडाला बदलीचा अर्ज करता येत नाही," ते म्हणत. "मिळेल तिथंच भागवायचं. म्हणून पानाला डोकं चालवावं लागतं." कण्हेर आपली श्वासाची भोकं पानाच्या पाठीवरच्या केसाळ खळग्यांत लपवते, हे त्यांनी मला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा दिसलं.

एकदा भर मे महिन्यात चार इमलीहून, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांकडून, एक साहेब वृक्षारोपणाला आले. मंडप, हार, कॅमेरा आणि हाताएवढ्या नाजूक पानांचं एक विलायती रोप. काका पुढे झाले. "साब, पत्ते बहुत चौड़े हैं, हफ्ते भर में सूख जाएगा. फोटो जल्दी ले लीजिए." रोपाने आठवडाही काढला नाही. फलक अजून आहे.

कोपऱ्यावरचा साग उन्हाळ्यात पार उघडा पडे. मेला समजून कोणी कुऱ्हाड आणली की काका आडवे येत. "मेला नाही रे, पाणी वाचवतोय. जूनपर्यंत हात लावू नका." आणि साग फुटला की घरोघर जाऊन सांगून येत, नातू झाल्यासारखे.

काकू गेल्या आणि मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. काका तयार नव्हते. पटवलं मीच. "काका, इथं एकटे पडाल. तिथं लिफ्टसुद्धा आहे."

"खाली झाड कुठलं आहे?"

मला माहीत नव्हतं. जाताना त्यांनी भिंग माझ्या हातात ठेवलं.

पहिल्याच फोनवर म्हणाले, "अकरावा मजला. खाली पाम आहे, प्लॅस्टिकचा. रोज पुसतात."

एप्रिलमध्ये मुलाचा फोन आला. "बाबा बोलेनासे झालेत. जेवतही नाहीत धड. तुम्ही येऊन जाल का?"

मला तेव्हाच हुशारी सुचायची होती. म्हटलं, "पाणी वाचवत असतील. जूनमध्ये येतो."

मे संपायच्या आत काका गेले.

साग यंदाही वेळेवर फुटला. मी कोणाला सांगायला गेलो नाही.