भाचीची मिशी

माझी भाची पुण्यात गाणं शिकते, एवढं आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. कसलं गाणं, या चौकशीत कोणी पडलं नव्हतं. वडनेरला, तिच्या गावी, कोणी विचारलंच तर तिची आई, म्हणजे माझी ताई म्हणायची, "क्लासिकल." समोरचा मान डोलवायचा आणि विषय पुन्हा कपाशीवर जायचा. मला मात्र थोडी कल्पना होती. एका दिवाळीत ती माझ्याकडे बोरगाव मेघेला राहायला आली आणि सकाळी गच्चीवर जाऊन तिनं रियाज केला. पहिला वरचा सूर लागला तसे शेजारचे काका अर्धी दाढी केलेल्या तोंडानं जिना चढून आले. कोणाला तरी विंचू चावला, अशी त्यांची समजूत झाली होती.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "मामा, आमचा ग्रुप वर्ध्यात ऑपेरा करतोय. रविवारी, दुपारी चारला. मामीला घेऊन ये. आईलाही आण."

मी शाळेत भूगोल शिकवतो. इटली कुठं आहे, तिथं काय पिकतं आणि कोणता ज्वालामुखी जागा आहे, हे मी झोपेतही सांगू शकतो. ऑपेरा तिथलाच, हेही मला माहीत होतं. त्यापलीकडे माझी पाटी कोरी होती. बायकोनं विचारलं, "म्हणजे नक्की काय असते?" मी म्हणालो, "आपल्या संगीत नाटकासारखं असन. फक्त बोलत नाईत, सारंच गातात." ती म्हणाली, "म्हणजे पाणी मांगाचं असलं तरी गाऊन मांगतात?" मी हो म्हणालो. पुढे ते अगदी बरोबर निघालं.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "पोट्टीचा ऑर्केस्ट्रा आहे म्हनते वर्ध्याले."

"ऑर्केस्ट्रा नाई ताई, ऑपेरा."

"तेच ते. आयक, म्या सिंदीच्या पाहुन्याईले बोलावलं हाये."

सिंदी रेल्वे या गावचं हे स्थळ ताईच्या डोक्यात दोन वर्षं घोळत होतं. घरी शेती, कापसाचा व्यापार, मुलगा नागपुरात नोकरीला. भाची दर वेळी "नंतर बघू" म्हणून टाळायची. ताईनं यावर तोड काढली होती. "घरी पोहे घेऊन आली पोट्टी, तं काय दिसते तिच्यातलं? स्टेजवर पाहू दे ना त्याईले. साडीत, लाइटात. लोक टाळ्या वाजवून राह्यले, हे बी दिसन."

"तिले सांगितलं का?"

"तिले काऊन सांगू? नाई म्हनन ते."

माझ्यावर पाहुण्यांना बसवण्याचं काम आलं. भाऊजींनी मात्र हरभऱ्यात रानडुकरं शिरतात हे कारण सांगून शेतातच राहणं पसंत केलं. ताईशी संसार करून माणूस शहाणा होतो.

रविवारी पाहुणे सभागृहापाशी साडेतीनलाच गाडीतून उतरले. मुलाचे वडील भरदार अंगाचे, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. आई गर्द हिरव्या रेशमी साडीत. मुलगा सहा फुटांचा आणि अबोल. नमस्कार केला आणि मोबाइलमध्ये गेला. माझ्या बायकोनं डब्यातून कोथिंबिरीच्या सांबारवड्या आणल्या होत्या, त्या त्यांनी गाडीपाशीच उभ्या उभ्या संपवल्या. मग वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच एक घडी घातलेली चिठ्ठी हातात दिली.

"फर्माइश हाये. जुनं गानं. आमचं लग्न झालं तवा लय चालत होतं. त्याईले द्यान का?"

मी "पाहतो" म्हणून चिठ्ठी खिशात टाकली. तेवढ्यात दारात आम्हाला गोष्टीचा मराठी सारांश छापलेला कागद मिळाला. एक तरुण शिपाई, त्याचं प्रेम असलेली मुलगी आणि तिला स्वतःशीच लग्नाला उभं करू पाहणारा तिचा म्हातारा पालक. खाली कोण काय करणार ते दिलेलं होतं. शिपायासमोर माझ्या भाचीचं नाव होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ताई, इथं शिपाई म्हणून आपल्या पोरीचं नाव आहे."

"शिपायाची बायको असन. छापनाऱ्यानं खाल्लं."

पडदा उघडला. एका बाजूला पियानो, दोन व्हायोलिन आणि पायांच्या मध्ये धरून वाजवायचं एक भलंमोठं व्हायोलिन. वर एका पांढऱ्या पडद्यावर गाण्याच्या अर्थाच्या मराठी ओळी उमटणार होत्या. निळ्या झग्यातली एक मुलगी आली आणि गायला लागली. मुलाची आई ताईकडे वाकली. "हेच का?"

"नाई नाई. आमची येतेच आता."

मग एक मोलकरीण आली. "हे?" "नाई." फुलं विकणाऱ्या दोघीजणी आल्या. "यातली?" "नाई हो, येते ना." ताईचा आवाज दर खेपेला थोडा बारीक होत होता.

त्यात वरच्या मराठी ओळी मागे राहिल्या होत्या. लॅपटॉपवर बसलेल्या गृहस्थांचं कुठंतरी चुकलं होतं. म्हातारा पालक रागानं लालबुंद होऊन काठी आपटत होता आणि वर लिहून येत होतं, 'किती सुंदर ही सकाळ!' मोलकरणीनं सूप आणून ठेवलं तेव्हा वर आलं, 'मी तुला कदापि क्षमा करणार नाही.' पाहुण्यांचा सूपावरचा विश्वास तिथंच उडाला असावा.

मग शिपाई आला. गुडघ्यापर्यंत बूट, कमरेला तलवार, वर वळवलेली काळीभोर मिशी. खांदे मागे टाकून तो चार पावलं चालला, थांबला आणि गायला लागला. आवाज खोल, भरलेला, जरा दमट मातीसारखा. दुसऱ्याच ओळीला माझ्या हातातला कागद खाली पडला. डावी भुवई एकटीच वर चढवायची सवय आमच्या घराण्यात तिघांनाच आहे. माझ्या वडिलांना होती, मला आहे आणि माझ्या भाचीला आहे.

मी बायकोकडे पाहिलं. तिनंही ओळखलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

मुलाची आई कौतुकानं म्हणाली, "हा पोट्टा छान गाते, नाई?"

ताई म्हणाली, "गाते. आवाज बायकी हाये जरासा."

शिपाई लढाईवर निघाला होता, म्हणून निळ्या झग्यातल्या मुलीचा निरोप घेत होता. वर आलं, 'मी निघालो.' तो निघाला नाही. पुन्हा आलं, 'आता मी निघालो.' तो दारापर्यंत गेला आणि परत आला. आमच्याकडे पाहुणे फाटकापाशी उभे राहून निरोप घेतात, तसा हा प्रकार होता. चपला घातल्यावरच खऱ्या गप्पा सुरू होतात. माझ्या मागच्या रांगेतून आवाज आला, "अबे, जा ना मंग!" शेवटी तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं. त्याच वेळी मिशीचं एक टोक सुटून लोंबायला लागलं. शिपायानं झटकन दोन बोटं ओठावर दाबली आणि तसाच तो लांबलचक सूर धरून राहिला. लोकांना वाटलं, दुःख दाबतोय. टाळ्या पडल्या.

पण मिशी हलली आणि ताईला मिशीखालचा ओठ दिसला.

"अग माय! हे तं आपली पोट्टी होय!"

सूर नेमका तेव्हाच संपला होता. सगळ्या सभागृहानं ऐकलं. स्टेजवर शिपायाची डावी भुवई वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

मुलाच्या आईनं सावकाश मान वळवली. "कुठं हाये?"

ताईनं स्टेजकडे बोट केलं. मग म्हणाली, "तोच. तो शिपाई."

"मिशीवाला?"

"हो."

मध्यंतरापर्यंत आमच्या रांगेत कोणीच कोणाकडे पाहिलं नाही. बाहेर चहाच्या गाड्यापाशी आम्ही कप घेऊन गोल उभे राहिलो. ताईचा चेहरा उतरला होता. तिला वाटत होतं, हे आता इथूनच गाडीत बसतील. मुलाच्या आईनं चहाला फुंकर मारली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आमी सून पाहाले आलो होतो. तुमी जावई दाखवला."

यावर मुलाचे वडील असे हसले, की अर्धा चहा त्यांच्याच पांढऱ्या शर्टावर सांडला. हसता हसता डोळे पुसत ते म्हणाले, "माझी ते चिठ्ठी देऊ नका बरं मास्तर. इथं कामाची नाई ते." मग बायकोकडे न पाहता म्हणाले, "म्या बी लुगडं नेसलो आहो."

"काय केलं?" बायको म्हणाली.

"दंडारीत. गावात दंडार उभी राहे दिवाळीनंतर, तवा बाया कुठं नाचत? पोट्टेच लुगडी नेसत. मी तीन-चार वर्षं नाचलो. बांगड्या, पदर, सारं. तुह्या मामानं मले शिट्टी मारली होती एकडाव. त्याले वाटलं खरंच बाई होय."

"आन् मले हे आता सांगता?"

"कोनी विचारलंच नाई."

त्या बाईनं नवऱ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत असं पाहिलं, जणू स्थळ आत्ताच दाखवायला आणलं होतं. ताईला मात्र धीर आला. तिनं विचारलं, "मंग... बसता का तुमी पुढं?"

"बसतो म्हणजे? त्या म्हाताऱ्याचं काय होते ते पाहाले नको?"

मुलाचे वडील आत गेले आणि दुसऱ्या भागात पुढं सरकून, दुपट्टा मांडीवर घेऊन बसले. मुलगा मात्र झोपला. पहिल्या पाच मिनिटांतच त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि मी भूगोलाचा मास्तर असल्यानं मला अशा झोपेची सवय होती.

वरच्या ओळी आता पूर्णच बंद पडल्या होत्या. खरं तर त्यामुळेच बरं झालं. तोवर मी वर वाचत होतो, खाली पाहत होतो, कागदावर शोधत होतो. आता नुसतं ऐकायचं उरलं. शिपाई लढाईत मेला अशी बातमी आली होती आणि मुलगी म्हाताऱ्याशी लग्नाला तयार झाली होती. ती एकटीच खिडकीशी बसून गात होती. मग तिच्या आवाजाखालून दुसरा आवाज सुरू झाला. शिपाई अजून दिसत नव्हता. वरचा आवाज थरथरत होता आणि खालचा त्याला आधार देत वर येत होता, आणि एका जागी दोन्ही असे मिळाले, की कोणता कोणाचा ते कळेना. तिथं एकही शब्द मला कळत नव्हता. तरी तो परत आला आहे आणि तिला ते अजून माहीत नाही, हे मला कळलं होतं.

ताईनं माझं मनगट धरलं. तिचे डोळे वाहत होते. "आपलीच हाये ना रे ते?"

"आपलीच आहे ताई."

"एवढा आवाज हाये तिच्यात? घरी तं हाक मारली तरी ओ देत नाई."

शेवटी म्हातारा शरण आला, लग्न लागलं, सगळ्यांनी मिळून गाऊन घेतलं. टाळ्यांनी मुलगा जागा झाला आणि त्यानंही वाजवल्या.

आम्ही मागच्या दारापाशी थांबलो. भाची बूट हातात घेऊन, अनवाणी बाहेर आली. मिशी निघाली होती, डिंक तेवढा ओठावर पांढरा राहिला होता. तिनं आईला पाहिलं, रेशमी साडी पाहिली, सहा फुटांचा मुलगा पाहिला. तिला सगळं समजायला एवढं पुरलं.

"आई," ती म्हणाली, "तू माझ्या शोला स्थळ आणलंस?"

ताई चाचरली. "तसं नाई वं... ते आपले सहजच..."

मुलाचे वडील पुढं झाले. "खोटं काऊन सांगता ताई? बेटा, आमी तुले पाहाले आलतो. सिंदीचे आहो आमी. काम पाह्यलं तुहं, जबरदस्त केलं. मिशी सुटली तवा जे हात लावला ना, वा!"

भाचीला हसू आवरेना. मग तिनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि तशीच उभी राहून म्हणाली, "काका, मला इतक्यात लग्न नाही करायचं. तीन वर्षं तरी नाही. आधीच सांगायला हवं होतं, पण मला कोणी विचारलंच नाही."

"हे बेस केलं, सांगून टाकलं," ते म्हणाले. "तसंबी आमच्या पोट्ट्याले जागं राहनारी पोरगी झेपली नसती."

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "सॉरी. नाइट शिफ्ट होती." तो इतक्या खरेपणानं म्हणाला, की भाचीनं त्याच्याशी हात मिळवला. तिथंच सगळं मिटलं.

परतीच्या वाटेवर ताई गाडीच्या खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं, स्थळ गेलं याचं वाईट वाटतंय. नाक्यापाशी ती एकदम म्हणाली, "त्या निळ्या झग्यावालीपेक्षा आपलीच चांगली गायली. खरं सांगजो." मी खरं सांगितलं. मग ती पोरीशी फोनवर बोलली, आणि रागावायला म्हणून लावलेला तो फोन घर येईपर्यंत चालला.

त्या मुलाचं लग्न उन्हाळ्यात हिंगणघाटच्या मुलीशी झालं. पत्रिका आम्हालाही आली आणि भाचीला वेगळा फोन. ती आली. दुपारी पंगती उठल्यावर, मंडपात बायका बसल्या होत्या, तिथं नवरदेवाच्या आईनं आपल्या नवऱ्याला हाताला धरून ओढत आणलं. त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा पदरासारखा त्यांच्याच डोक्यावर टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तीस वर्षं लपवलं या मानसानं. आता नाचून दाखवा." ते नाही नाही म्हणत होते, गुडघे दुखतात म्हणत होते. मग त्यांनी पदर नीट केला, कंबरेवर एक हात ठेवला आणि मान अशी काही वळवली, की बायका पुढं सरकून बसल्या. माझी भाची सर्वांत पुढं, जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तोंड उघडं टाकून त्यांच्या पायांकडे पाहत होती.