देवीने वाट बदलली नाही

क्रीडास्पर्धांसाठी सरकारने घेतलेले आमचे गुरचरण पडीक होते, असे आमचे माजी सरपंच सांगतात. हे धादांत खोटे आहे. गुरचरणाच्या मध्यावर एक दगड होता आणि जत्रेत गावदेवीची पालखी त्यावरच टेके. त्याआधी ती खांद्यावरून उतरवायची नाही, ही रीत.

स्पर्धा आटोपल्या आणि मैदान एका खासगी क्लबच्या घशात गेले. पुढच्या जत्रेत रखवालदाराने फाटकावर अडवले.

“काका, मेंबरशिप कार्ड?”

सरपंच कुजबुजले, “पालखी फिरवा. देवीनंच वाट बदललीय.”

“तुज्या कानात सांगितलं काय?” मी म्हणालो.

आम्ही चौघे पालखी खांद्यावर घेऊन भर उन्हात फाटकातच उभे राहिलो. मागे सभासदांच्या मोटारी खोळंबल्या, तेव्हा फाटक उघडले. दगडाच्या जागी टेनिसचे कोर्ट होते. पालखी तिथेच टेकली.

आपण शब्द टाकल्याने फाटक उघडले, असे सरपंच आता सांगतात. खोळंबलेल्यांतली पहिली मोटार त्यांच्याच मुलाची होती.